पत्ता बदलायचा राहिला

आमची कंपनी इंटरनेटवरून चालणारे फोन विकते. दरवर्षी भागधारकांसाठी अहवाल निघतो, त्यातलं धंद्यातल्या धोक्यांचं प्रकरण मी लिहितो. वीज गेली तर फोन बंद. इंटरनेट तुटलं तर फोन बंद. एखादी मोठी कंपनी हेच फुकट देऊ लागली तर आम्हीच बंद. अकरा वर्षं झाली. ऑफिसात सगळे मला पनवती म्हणतात. "काय पनवती, यंदा कशानं बुडवताय आम्हाला?" असं चहाच्या वेळी विचारायचे. माझी ही वारल्यापासून कुणी विचारत नाही.

चौदावा धोका पत्त्याचा. जुना तारेचा फोन भिंतीला बांधलेला, तो कुठल्या घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचा फोन उचलून नव्या घरी नेला, इंटरनेटची डबी जोडली, की तोच नंबर पूर्वीसारखा चालू. पण अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, तर त्यांच्या पडद्यावर आपण फॉर्मात भरलेला पत्ता उमटतो. तो बदलला नसेल, तर गाडी जुन्या घरी जाते.

मंगळवारी कंपनीच्या वकीलबाई माझ्या टेबलापाशी आल्या. कंपनी नवे शेअर विकायला काढणार होती.

"चौदाव्यात शेवटी एक ओळ टाका. अशी घटना आजवर घडलेली नाही. वाचणाऱ्याला जरा धीर येईल."

"नक्की घडली नाही?"

"एकही तक्रार नाही आलेली. तुमच्या कानावर आलंय का काही?"

"जेवून येतो, मग टाकतो," मी म्हटलं.

डबा उघडला आणि तसाच बसून राहिलो. पिशवीत ताईंचं पत्र होतं. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरविरुद्ध त्यांनी तक्रार लिहिली होती आणि माझी सही हवी म्हणून रविवारी हातात दिली होती. ड्रायव्हर रस्ता चुकला, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

ड्रायव्हर चुकला नव्हता. त्याला सांगितलेल्या घरीच तो गेला. आमच्या जुन्या घरी.

घरी फोन आमच्याच कंपनीचा. घर बदललं तेव्हा हिने विचारलं होतं, "अहो, त्या पत्त्याचं झालं का?"

"झालं गं."

झालं नव्हतं. दोन मिनिटांचं काम. जगाला बजावणारा मी, घरी आल्यावर कंटाळा केला. वर तिला ऐटीत सांगितलं, "तोंडातून शब्द फुटला नाही तरी घाबरू नकोस. घरच्या फोनवरून नुसता कॉल लाव, पत्ता त्यांना आपोआप दिसतो."

ती स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा मोबाईल तिच्या हाताशी होता. तिने घरच्याच फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्सला लावला. कंपनीच्या नोंदीत मी तो कॉल नंतर पाहिला. चाळीस सेकंद, एकही शब्द नाही. शेजारी जुना पत्ता.

डबा बंद करून मी वकीलबाईंच्या खोलीत गेलो.

"ती ओळ घालता येणार नाही. घडलंय."

"कधी? ग्राहक कोण?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हिच्या मयताला त्या आल्या होत्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

"नको. आधी एक फोन करायचाय."

जिन्यात उभा राहून ताईंना लावला.

"सही झाली का, भावोजी? उद्या टाकतेच मी ते. सोडणार नाहीये त्या माणसाला."

"ताई, त्याची काही चूक नाही. त्याला आमच्या जुन्या घरी पाठवलं होतं. पत्ता मी बदललाच नव्हता. हिला बदलला म्हणून सांगितलं."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"ती मला म्हणाली होती," ताई म्हणाल्या, "हे दहा वेळा सांगितल्याशिवाय काडी हलवत नाहीत. पण पत्त्याचं पहिल्या सांगण्यातच केलं, म्हणाली. किती कौतुक होतं तिला त्याचं."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"पत्र कुठाय?"

"माझ्याकडेच आहे. फाडून टाकतो."

"तिथे नको," त्या म्हणाल्या. "इकडे या. माझ्यासमोर फाडा."