लांडग्याचा उपास

गुडघे चालेनात म्हणून माझ्या सासऱ्यांनी, येडबामामांनी, त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मेंढ्या विकल्या. जन्मभर रानात फिरलेला माणूस ओसरीच्या खांबाला टेकून बसला. घट बसायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "दसऱ्याला मी बोरीला बहिणीकडं जातो. भंडारा उधळायला मेंढरू न्हाई, हितं थांबून काय करू?"

माझे मालक ताडकळसला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. ते हळूच म्हणाले, "आबा, दसऱ्याच्या सांजंपस्तोर थांबा. मंग जा."

दुकानात एक जुना व्हिडिओ गेम पडून होता. गिऱ्हाइकानं कंटाळून देऊनच टाकलेला. टीव्हीला जोडायचा, आणि बटणांच्या पाटीवर स्वतःचा खेळही लिहिता यायचा. ह्यांनी मामांसाठी खेळ लिहायला घेतला. बारा मेंढ्या, एक लांडगा, आणि माळ ओलांडून वाडग्यात, मेंढ्यांच्या कुंपणात, पोचायचं. अडचण एकच होती. यंत्र बंद केलं की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून ह्यांनी ते बॅटरीवर रात्रंदिवस चालू ठेवलं. देवघरात माझा अखंड दिवा, कोनाड्यात ह्यांचा तांबडा दिवा.

नणंद कासाबाई गावातच दिलेल्या. त्या बघून गेल्या. "अंगद, मेंढरं इकली आन् आता डबड्यात कोंडायलास व्हय रे?"

रोज सकाळी मी वाती वळत बसायची आणि हे लिहिलेलं पहिल्यापासून मोठ्यानं वाचून तपासायचे. ओळींना आकडे होते, दहा, वीस, तीस, पोथीतल्या ओव्यांसारखे. इफ काय, गोटू काय, मला काही कळायचं नाही, पण कानाला गोड लागायचं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विसावा. विळा, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री, ह्यांचा पाना, सगळं धुऊन-पुसून मी पाटावर मांडलं. मनात आलं, हेही ह्यांचं हत्यारच, बिचारं आठ दिवस राबलंय. बटण बंद केलं, पदरानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

हे आंघोळ करून आले आणि फुलाकडं बघतच राहिले.

"बंद केलंस?"

"आज इसावा असतो ना..." म्हणता म्हणता मला उमगलं, आठ दिवसांचं लिहिलेलं सगळं पुसलं गेलं होतं.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "कागदावर काहीच उतरवलं न्हाई," म्हणाले. "उद्या आबा बोरीला जाणार."

आणि आज त्याला हात लावायचा नव्हता. मी जपाला बसले. पहिला मणी ओढला आणि तोंडातून देवीच्या नावाऐवजी आलं, "दहा..." मग वीस. मग तीस. आई, आजची माळ एवढी ह्यांच्या नावची समज, असं म्हणून मी दिवसभर तेच घोकलं.

दसऱ्याच्या सकाळी फूल उचललं. "मी सांगते, तुमी लिहा."

"तुला येतंय?"

"अर्थ न्हाई येत. ओव्या येतात."

मी म्हणत गेले, हे बटणं दाबत गेले. सातशेवीसनंतरची एक ओळ काही केल्या आठवेना. ती तशीच सोडून पुढं गेलो.

सांजेला सोनं वाटून मामा आले, ते बोरीची पिशवी हातात घेऊनच. ह्यांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, हातात बटणं दिली. पडद्यावर बारा पांढरे ठिपके हलले.

"ही मेंढरं व्हय?"

"व्हय आबा. न्या वाडग्यात."

जराशानं मामा टीव्हीला "हर्र, हर्र" करायला लागले. तेवढ्यात लांडगा आला, एका मेंढीच्या अंगावर गेला, आणि तसाच पुढं निघून गेला. मेंढी जागच्या जागी. परत आला, परत तेच. सुटलेली ओळ नेमकी मेंढी मरायची होती! हे दुरुस्त करायला उठले.

"बस खाली," मामा म्हणाले. "त्याचा उपास हाय. नवरात धरलंय गड्यानं!"

सोनं द्यायला आलेल्या कासाबाई पोट धरून हसल्या. "वैनीनंच धरायला लावलं आसंल!"

मामाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडून त्यांनी चिमूटभर पडद्यावर उधळला. पिशवी कोपऱ्यात सरकवली.

मी घट उठवले, नंदादीप शांत केला. त्याच ओघात कोनाड्यातला तांबडा दिवा मालवायला वळले.

"ए पोरी, त्याला हात लावू नकू!" मामा ओरडले. "दोन मेंढरं आजून माळावर हायत."