गिलाव्यातली रोझाल्बा

"ऑत्ताविओ, थांबा! त्याला हात लावू नका!"

परांचीवरच्या म्हाताऱ्या गवंड्याची हातोडी हवेतच राहिली. शहरातून आलेल्या कला खात्याच्या बाई खांबावरच्या गिलाव्याच्या देवदूताकडे बोट दाखवत होत्या.

या चर्चच्या मूळ भिंती जाड दगडाच्या, गोल कमानींच्या. मागून कुणी टोकदार कमानी चढवल्या. त्यापुढच्यांना दगड ओकाबोका वाटला, म्हणून त्यांनी सगळं गिलाव्याने, वेलबुट्टीने, देवदूतांनी मढवलं. आता नव्या फादरना तोच ओकाबोका दगड पुन्हा हवा होता. गावात गिलाव्याचं काम जाणणारा उरला होता एकटा ऑत्ताविओ. जन्मभर गिलावा लावला, आता तोच खरवडत होता.

"बरोक काळातला अस्सल नमुना," बाई म्हणाल्या. "तीनशे वर्षांपूर्वीचा. हा भिंतीसकट कापून संग्रहालयात नेऊ. बाकीचे पाडा."

ऑत्ताविओने हातोडी खाली घेतली. जुना देवदूत भूकंपात पडला, तेव्हा तरुणपणी त्यानेच हा घडवला होता. चेहऱ्यासाठी समोर बसली होती त्याची नवी नवरी रोझाल्बा, हसू दाबत. तिचा फोटो कधी निघालाच नाही. ती गेल्यापासून तो रोज दुपारी इथे येऊन, खांबाखालच्या बाकावर पाव-चीज खायचा. घरी एकट्याला घास उतरत नसे.

खरं सांगावं, तर बाई म्हणणार, कालपरवाचा आहे, फोडा. भिंतीत खिळे ठोकून बसवलेला, तो भिंत कापल्याशिवाय अख्खा निघायचा नाही. गप्प बसावं, तर रोझाल्बा वाचणार. पण शहरात, परक्यांत.

"काय रे, तोंड का उतरलं?" मुकादम ब्रुनेरो खालून हसला. "तुझ्या हातून जन्मात झालं असतं का असलं काम?"

"नसतं झालं," ऑत्ताविओ म्हणाला आणि शेजारच्या देवदूताकडे वळला.

भिंत कापून झाली. देवदूत खोक्यात आडवा ठेवला. पेंढा भरायचं काम ऑत्ताविओने मागून घेतलं. हनुवटीखाली भरला, गालांशी भरला. मग चिमूट चिमूट घेऊन कानांभोवती दाबू लागला. रोझाल्बाला थंडी आधी कानांत शिरायची.

"पुरे की! लेकरू निजवतोयस का?" ब्रुनेरो झाकण धरून ताटकळला होता.

ऑत्ताविओने हात बाहेर काढले, विजारीला पुसले.

"हं, ठोक आता," तो म्हणाला. "पण हळू."