पाखऱ्याची घंटी

गोकुळनं आजवर एकशे चौदा जणांना मारलं होतं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. दर रविवारी दुपारी फोनवर पाच जण जमायचे. मलकापूरचा प्रसेनजित गोष्ट सांगायचा, बाकीचे वीस बाजूंचा फासा टाकायचे. खऱ्या जगात देऊळगाव राजाच्या एका दुकानात वाढदिवसाचे फ्लेक्स बनवणारा गोकुळ त्या गोष्टीत वज्रबाहू व्हायचा, आणि दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेऊन राक्षसांची मुंडकी उडवायचा. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण फाशावर वीस आले की गोठ्यातली जनावरं बुजतील एवढ्यानं ओरडायचा.

त्या वर्षी खेळणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपनं स्पर्धा काढली. जादूची वस्तू घडवायची. नुसती लिहून भागणार नव्हतं, हातानं बनवून फोटो काढायचा आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: वस्तूचं नाव, तिची शक्ती आणि तिची किंमत. किंमत म्हणजे पैसे नव्हेत. ती वस्तू वापरणाऱ्याला काय गमवावं लागतं, ते. जिंकणारी वस्तू त्यांच्या पुस्तकात छापली जाणार होती, खाली बनवणाऱ्याच्या नावासह. साऱ्या तालुक्याची नावं फ्लेक्सवर छापणाऱ्या गोकुळला आपलंही नाव एकदा कुठं छापून यावं, असं फार वाटत होतं.

वस्तू त्याला घरातच सापडली. आईबाप लहानपणीच गेलेले, त्याला वाढवला कारभारी काकानं. काकाचा पाखऱ्या नावाचा बैल चार दिवसांपूर्वी मेला होता. कोवळी ज्वारी चरला, पोट फुगलं आणि तासाभरात पाय ताणून मोकळा झाला. त्याच्या गळ्यातली पितळी घंटी गोठ्यात खुंटीला लटकत होती. गोकुळनं ती कोणाला न विचारता घेतली. तिला काळा दोरा गुंडाळला, दोऱ्यात गोठ्यात पडलेले पाखऱ्याच्या शेपटीचे केस ओवले, तीन गंजके खिळे खोचले. जुनं रक्त दिसावं म्हणून कुंकवात गाडीचं काळं ऑईल कालवून वरून चोपडलं. मग स्वतः तयार केलेल्या लिपीत, जी जगात त्याच्याशिवाय कोणालाच वाचता येत नव्हती, घंटीच्या कडेनं एक ओळ कोरली.

आता हे सगळं गावात कशासारखं दिसतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गोकुळला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सकाळी आठला ऊन छान तिरपं होतं. काकाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली एक काळा दगड होता, त्यावर घंटी ठेवून त्यानं दहाबारा फोटो काढले. सगळ्यात चांगला प्रसेनजितला पाठवला. लगेच फोन आला.

"नाव काय?"

"राखणदाराची घंटी. जो वाजवीन त्याच्यावरचा मार दुसऱ्याच्या अंगावर जाते."

"शक्ती भारी हाय बे. अन् किंमत?"

"त्याले झोप येत नाही."

प्रसेनजित हसला. "एवढ्या मोठ्या जादूले झोपेवर सोडतं काय? हे कायची किंमत! फुकटातली जादू कोणीच निवडत नाही. आज संध्याकाळलोक पाठवायचं हाय, विचार कर."

विचार करत, वाद घालत गोकुळ फोन कानाला लावून घरापर्यंत आला. घंटी दगडावरच राहिली.

अंगावर दोन तांबे घेतले तेव्हा त्याला आठवलं. तसाच ओल्या केसांनी तो निघाला, पण धुऱ्यापर्यंत जायची गरजच पडली नाही. गल्लीतून काका येत होता. उजव्या हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकाला खिळा बसवलेली काठी, आणि डाव्या हातात घंटी. मागं पंधरा-वीस माणसं होती.

"माह्या पाखऱ्याची घंटी!" काका ओरडत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. "हे त्याच्या शेपटीचे केस! मी म्हणोच, एवढा धडधाकट बैल असा कसा मेला!"

"धुऱ्यावर रोज कोण येते?" गणेशनं विचारलं. गणेश काकाचा शेजारी, भांडण कुठंही असो, तिथं तो आधी पोचलेला.

"जनकी येते," काका म्हणाला. "गवत कापाले."

जनकाबाई म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीत राहणारी साठीची विधवा. दोन शेळ्या पाळायची, त्यांच्यासाठी धुऱ्यावरचं गवत न्यायची. महिन्याभरापूर्वी काकानं तिला हटकलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, गवत काय तुह्या बापानं पेरलं काय? ते काकाला अजून सललेलं होतं. आणि पाखऱ्या तडफडत होता तेव्हा रस्त्यानं जाताना तिनंच सांगितलं होतं की यानं कोवळी ज्वारी खाल्ली, दाक्तरले बलावा.

"तिले कसं माहीत?" गणेश म्हणाला. "तिनं काऊन सांगितलं?"

दाक्तरनंही मागून तेच सांगितलं होतं, पण ते कोणाला आठवून घ्यायचं नव्हतं. गर्दी खालच्या अंगाला वळली. गोकुळ तिच्या शेपटाला लागला. आता सांगतो, असं तो मनाशी म्हणत होता. वस्तीत पोचलो की सांगतो.

जनकाबाई भाकरी थापत होती. गणेशनं आणि आणखी एकानं तिला केसांना धरून उंबऱ्यावरून ओढलं. तिचे दोन्ही हात पिठानं पांढरे होते. हापशीच्या ओट्यापर्यंत ओढत आणली, आणि ती काय झालं विचारायला तोंड उघडते तोच काकाची तुतारी तिच्या पाठीवर बसली. लुगडं फाटलं. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा तोंडावर, आणि तिच्या भुवईतून रक्ताची धार लागली.

वस्तीतले पुरुष कामावर गेले होते. बाया धावल्या, त्यांच्यावर दगड आले. एकीचं कपाळ फुटलं, तरी तिनं पदरानं ते दाबून घरात जाऊन पोलिसांना फोन लावला. पोलिस यायला वेळ होता.

"काढ! करणी काढ!"

"कायची करणी, भाऊ?" जनकाबाई धापत म्हणाली. "माह्या घरात जाऊन पाहा. बुद्धाची मूर्ती हाय अन् बाबासाहेबाचा फोटो हाय. आमी भूत मानत नाही, देवरशी मानत नाही. मी काय करू करणी?"

गणेशनं तिच्या पोटात लाथ घातली. ती दुमडली. कोणीतरी म्हणालं की लिहिलेलं उलटं वाचलं की करणी उतरते. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण मूर्खपणावर एकमत व्हायला वेळ लागत नाही. काकानं घंटी तिच्या तोंडासमोर धरली.

"वाच!"

आणि ती वाचायला लागली, हे गोकुळला पुढं जन्मभर विसरता येणार नव्हतं. जनकाबाई चाळिशीत प्रौढ वर्गाला जाऊन वाचायला शिकली होती. दुपारी वस्तीतल्या बायांना पेपर वाचून दाखवायची, त्याचा तिला मोठा अभिमान. तिनं पिठाच्या हातानं डोळ्यातलं रक्त पुसलं, घंटी जवळ घेतली, इकडून फिरवली, तिकडून फिरवली. मनापासून एकेक अक्षर लावून पाहिलं.

"हे मराठी नाही, भाऊ," ती म्हणाली. "मले लागून नाही राह्यलं."

तुतारीचा खिळा तिच्या दंडात घुसला. काकानं तो ओढून काढला तेव्हा ती पहिल्यांदा किंचाळली.

"वाच!"

"नाही येत रे बापा! येत असतं तं वाचलं नसतं काय?"

त्या गर्दीत एकाच माणसाला ते वाचता येत होतं, आणि तो तिसऱ्या रांगेत उभा होता. खेळात अशी वेळ आली की प्रसेनजित विचारायचा, वज्रबाहू, तू काय करतोस? वज्रबाहू काही करत नव्हता. बोललो की ही माणसं माझ्यावर येतील, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. कोणीतरी थांबवील, म्हातारीची शुद्ध हरपली की आपोआप थांबतील, असं म्हणत तो फटके मोजत होता. मोजायची सवयच होती त्याला. सतरा झाले.

"ह्याच हातानं बांधलं ना?" काका म्हणाला. त्याचा आवाज आता शांत झाला होता. गणेशनं तिचा उजवा हात ओढून ओट्याच्या दगडावर दाबून धरला. काकानं घंटी उचलली. जुनी घंटी, पावशेर पितळ, वर तीन खिळे. पहिल्या घावाला बोटं फुटली. घंटी वाजलीही. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला, आणि ओट्यावरचं पीठ लाल झालं.

"मी केली!" गोकुळ ओरडला. "काका, घंटी मी केली!"

सगळे वळले.

"पाहा!" गणेश म्हणाला. "पोरालेबी धरलं हिनं. तिच्याच मनातलं बोलून राह्यला."

काकाचा हात पुन्हा वर गेला. गोकुळ माणसं ढकलत पुढं घुसला, जनकाबाईच्या अंगावर आडवा झाला आणि काकाच्या मुठीतून घंटी हिसकली. खिळा त्याच्या तळव्यात गेला. ती घंटी डोळ्यांसमोर धरून तो ओरडून वाचायला लागला, बोट अक्षरांवरून फिरवत, शाळेतल्या पोरासारखा.

"घाव माझा, अंग दुसऱ्याचं! हे लिहेल हाय! हे मी लिहेल हाय, काका, खेळासाठी! स्पर्धा हाय! हे पाहा फोटो, सकाळचे. हा घरातला फोटो, कालचा, दोरा गुंडाळतानाचा. माह्याच हात हायेत!"

फोन या हातातून त्या हातात गेला. माणसं खाली मान घालून बघू लागली. कोणी खोकलं. मागची दोन-चार पांगली.

गोकुळनं डोळे मिटले. आता मार बसणार होता, आणि खरं सांगायचं तर त्याला तो हवा होता. बसला असता तर छातीवरचं थोडं तरी उतरलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आता चोर स्वतः पुढं आला होता. तो वाट पाहत राहिला.

काही झालं नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा काकानं तुतारी खाली केली होती.

"काय येडपट पोरगं हाय," काका म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आधी सांगावं नाही लागत? घरी चाल. जेवून घे."

गणेशनं जनकाबाईचा हात सोडला आणि पँटला हात पुसले. घरचं पोर होतं, कुणबी होतं, शिकलेलं होतं. त्याला कोणी एक चापटही मारली नाही.

तिसऱ्या दिवशी गोकुळ जालन्याच्या दवाखान्यात गेला. निघताना रुखमाबाई काकूनं त्याच्यापुढं पदर पसरला होता. पोलिसांना म्हणावं म्हातारी हापशीवर घसरून पडली. त्या माणसानं तुले पोटच्या पोरासारखं पोसलं, गोकुळ, त्याले तुरुंगात नको धाडू. काकूच्याच हातची भाकरी त्यानं वीस वर्षं खाल्ली होती.

खाटेशी जनकाबाईचा मुलगा अश्वजित होता. गोकुळला पाहताच त्यानं त्याची गचांडी धरून भिंतीला टेकवला आणि मूठ उगारली.

"मारू नको त्याले," खाटेवरून आवाज आला. "मार खाऊन तो मोकळा होईन. सोड."

अश्वजितनं सोडला. जनकाबाईच्या एका डोळ्यावर पट्टी होती. उजव्या हाताची दोन बोटं कापली होती, बाकी हात प्लास्टरात. उरलेल्या डोळ्यानं तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"काय जादू व्हती म्हणे त्यात?"

गोकुळनं सांगितलं. वाजवणाऱ्याचा मार दुसऱ्याला बसतो. सांगताना त्याला आपल्या आवाजाची किळस आली.

"मंग चालली की," जनकाबाई म्हणाली. "बराबर बनली."

गोकुळ खाटेच्या लोखंडी पायाशी बसला आणि रडायला लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही. प्रसेनजितचा अखेरचा मेसेज त्याच्या फोनवर तसाच पडून होता: किंमत काय लिहायची ठरली?

हवालदार आला, खुर्ची ओढून बसला, कागद मांडीवर घेतला. म्हातारीचा जबाब झाला होता. बघणारा साक्षीदार म्हणून गावातलं कोणीच बोलत नव्हतं.

"नाव?"

गोकुळनं नाव सांगितलं. मग काकाचं पूर्ण नाव सांगितलं, गणेशचं सांगितलं. तुतारी कोणी मारली, हात कोणी धरला, घंटी कितीदा बसली. काकूचा पसरलेला पदर डोळ्यांपुढून जात नव्हता, तरी तो थांबला नाही. शेवटी म्हणाला, "अन् मी पण होतो."

"तू मारलं?"

"नाही. मी उभा होतो. घंटी माझी आहे, हे मला पहिल्या फटक्याआधीपासून ठाऊक होतं. मी सतरा फटके मोजले आणि मग बोललो."

हवालदारानं पेन थांबवलं. "हे कशाला लिहायचं? मध्ये पडून तूच वाचवलं तिला, एवढं पुरे. उगाच स्वतःला अडकवून घेशील."

"लिहा साहेब," जनकाबाई म्हणाली. ती डाव्या हातावर रेटा देऊन उठून बसायला बघत होती, अश्वजितनं तिला आधार दिला. "तो सांगते तसं सारं लिहा. सतराबी लिहा. अन् अक्षर चांगलं काढा, मले वाचून पाहाचं हाय."