दिनानाथ सावे सध्या काय करतात

मुंबईहून निघणाऱ्या 'तिरपी रेघ' मासिकाच्या शेवटच्या पानावर 'सध्या' नावाचं सदर असे. दर महिन्याला एक चित्रकार, चार प्रश्न, एक फोटो. बोईसरच्या दिनानाथ सावे यांनी या प्रश्नांची उत्तरं कुणी विचारण्याच्या वर्षभर आधीच तयार ठेवली होती. त्यांच्याबरोबर आर्ट स्कूलमध्ये शिकलेला रामनाथ, ज्याला हात काढता येत नसत म्हणून ज्याची सगळी माणसं खिशात हात घालून उभी असत, तो या पानावर पाइप ओढताना छापून आला होता. तेव्हापासून दिनानाथांना ते पान हवं होतं. आयुष्यात दुसरं काही नको, असं ते बायकोला सांगत. दमयंती म्हणे, तांदूळ तरी हवेत ना.

आणि एक दिवस संपादकांचं कार्ड आलं. रविवारी येतो, कॅमेरा आणतो.

तयार उत्तरं पुढे दिली आहेत. कंसातला मजकूर छापण्यासाठी नव्हता.

सध्या काय वाचता?
आधुनिक कलेवरचा जाड इंग्रजी ग्रंथ. पुन्हा पुन्हा.
(चित्रं पुन्हा पुन्हा. मजकुरापर्यंत पोचायचं होतं. उशाशी रहस्यकथा.)

सध्या काय पाहता?
फिल्म सोसायटीतले फ्रेंच चित्रपट.
(एक पाहिला. त्यात झोप लागली. पालघरला तंबूत लागलेला मारुतीचा चित्रपट मात्र तीनदा, शेपटीच्या आगीसाठी.)

सध्या काय चालू आहे?
'मृत्यू' ही चित्रमालिका.
(तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका कंत्राटदाराला 'धोका' लिहिलेल्या पाट्या हव्या होत्या, खाली कवटी आणि दोन हाडं. कवट्या अंगणात वाळत असत. उरलेल्या जागेत दमयंती पापड घाली.)

प्रेरणा?
आदिवासींची आदिम रेषा.
(परदेशात कुणाला तरी आफ्रिकेतल्या मुखवट्यांवरून काही सुचलं, असं ग्रंथातल्या एका चित्राखाली लिहिलं होतं. आफ्रिका लांब पडते. सरावलीपलीकडचे वारल्यांचे पाडे सायकलने गाठता येत. दिनानाथ जन्मात एकाही झोपडीत शिरले नव्हते.)

कार्डाच्या शेवटी संपादकांनी एक ओळ घातली होती. फोटो चित्रकाराच्या प्रेरणेसमोर घेण्याची आमची पद्धत आहे.

म्हणजे रविवारपर्यंत प्रेरणा आणायला हवी होती.

संपादक पाड्यापर्यंत चालणार नाहीत, हे उघड होतं. तेव्हा पाडाच इथे आणायचा. दिनानाथांचा स्टुडिओ म्हणजे स्टेशनजवळची, घराला लागून असलेली, वडलांच्या काळातली गवताची वखार. भिंती मोकळ्या होत्या. वडलांच्या काळी या वखारीत गवताचे भारे आणून टाकणारी जिवली अजून पाड्यावर होती. दिनानाथ सायकल काढून तिच्याकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही घरात भिंतीवर काढता तसं माझ्या भिंतीवर काढून दे.

जिवलीने विचारलं, लगीन कोणाचा?

वारली बायका चौक लिहितात तो लग्नाला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक लिहितात, मधे देवी बसते, तिच्यापुढे नवरानवरी उभी राहतात. लग्न नाही तर चौक नाही. दिनानाथांनी तिला रेषा म्हणजे काय, अवकाश म्हणजे काय, हे सगळं समजावून दिलं. जिवलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, बरा, पन लगीन कोणाचा?

"कोणाचंही लावा," दिनानाथ म्हणाले आणि सायकलवर बसले.

पाड्यावर लग्न म्हणजे जेवणाची सोय. सोय होईपर्यंत जोडपी संसार करतात, पोरं वाढवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. जिवलीचा भाचा भिका आणि त्याची कमळी यांना तीन पोरं होती आणि लग्न तेवढं राहिलं होतं. शेटने वखार दिली, म्हणजे जेवणही शेटचंच. जिवलीने यात आपल्या पदरचं काही घातलं नाही. शेट बोलला होता तेवढंच धरून ती चालली.

रविवारी संपादक गाडीतून उतरले तेव्हा ढोल फलाटापर्यंत ऐकू येत होता.

वखारीची एक आख्खी भिंत लाल झाली होती आणि तिच्यावर पांढरी झाडं, पांढरी माणसं, पांढरे घोडे, मधे देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणत होती. भिका हळदीने पिवळा झाला होता. त्याची थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन आईबापाचं लग्न बघत होती. मागच्या दारात दमयंती घरातला असेल नसेल तो तांदूळ हंड्यात ओतत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती.

संपादकांनी आधी ताडी घेतली. मग ते भिंतीसमोर उभे राहिले ते हलेनात. प्रश्नांचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"सावे," ते म्हणाले, "हे कधीपासून करताय तुम्ही?"

दिनानाथांनी भिंतीकडे पाहिलं. अंगणातल्या कवट्यांकडे पाहिलं.

"तसं लहानपणापासून मनात होतं."

दमयंतीची पळी थांबली. "अवो, मनातला ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "तांदूळ सपलं."

पान छापून आलं. प्रश्न नव्हते, उत्तरं नव्हती, पान भरून फोटो होता. खाली ओळ होती: दिनानाथ सावे यांचे भित्तिचित्र आणि दोन जिवंत आकृत्या. या आकृत्या तेव्हा भात कापलेल्या शेतात ढेकळं फोडत होत्या.

पाठोपाठ मुंबईच्या एका गॅलरीचं पत्र आलं. प्रदर्शन लावू. मात्र उद्घाटनाच्या दिवशी आमच्या भिंतीवर सर्वांसमक्ष चित्र काढावं.

दिनानाथांनी आधी घरी हात चालवून पाहिला. पीठ कालवलं, काडी घेतली, देवी काढायला घेतली. हात सवयीने गोल फिरला. गोलात दोन भोकं पडली. खाली दोन हाडं आली.

ते पुन्हा सायकलवर बसले.

यावेळी जिवलीने विचारण्याआधीच त्यांनी विचारलं, कोणाचं लग्न राहिलंय का? पुष्कळांची राहिली होती. जिवलीने बुधा आणि बुधीचं काढलं आणि मुंबईला जायला पाडा तयार आहे असं सांगितलं. मात्र ढोल पाहिजे, ताडी पाहिजे, रात्रभर गाणं पाहिजे, भात पाहिजे, आणि येतील ते सगळे येतील.

दिनानाथांनी हे सगळं गॅलरीला कळवलं. शेण, हंडे, चुलीला जागा, माणसं एक ट्रकभर. नकार येईल आणि आपण सुटू, असा त्यांचा हिशेब होता. उलट टपाली उत्तर आलं. अत्यंत धाडसी. मंजूर.

निमंत्रणपत्रिका उत्तम कागदावर छापली गेली. वर ठळक अक्षरांत दिनानाथ सावे. खाली बारीक अक्षरांत:

साहित्य : शेण, गेरू, तांदळाचं पीठ, बुधा, बुधी.

दमयंतीने ती वाचून परत दिली. "माझा नाव साहित्यात नाय," ती म्हणाली. "मी येत नाय."

ती आली नाही. त्यामुळे गॅलरीत एक अडचण उभी राहिली, ती भाताची. जिवलीने ती तिथल्या तिथे सोडवली. तिने पळी दिनानाथांच्या हातात दिली. म्हणाली, "शेट, घर तुमचा, तर वाढायला पन तुमीच."

घर कुणाचं हा विषय सर्वांसमक्ष काढला, तर चित्र कुणाचं हाही निघाला असता. त्यांनी रेशमी झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या.

समीक्षक पंगतीला बसले. बरं जेवले. भिंतीसमोर बायका पीठ आणि काड्या घेऊन काम करत होत्या. त्या चित्रकाराच्या मदतनीस असाव्यात, असं सगळ्यांनी धरलं आणि चित्रकार कुठे आहे ते शोधू लागले. एका वार्ताहराने झब्ब्यातल्या माणसाकडे बोट करून जिवलीला विचारलं, हे कोण?

"वाढपी," जिवली काडी न उचलता म्हणाली. "हात सैल हाय त्याचा. पोटभर वाढतो."

वार्ताहराने ते लिहून घेतलं.

तेवढ्यात दारातून पाइप आला, आणि पाइपामागून रामनाथ. त्याने भिंत पाहिली, नवरानवरी पाहिली, पत्रिका उलटसुलट करून पाहिली, आणि शेवटी त्याला दिनानाथ सापडले. खांद्यावर फडकं, झब्ब्यावर डाळ.

"काय सावे," रामनाथ म्हणाला, "सध्या काय चालू आहे?"

दिनानाथांनी हंड्यात वाकून पाहिलं.

"दुसरी पंगत," ते म्हणाले. "बसतोस?"