पेणचा केसपेपर

मित्रांनो, मी एक जुना केसपेपर आहे. चारही घड्यांवर फाटलेला, कडेला हळदीचा डाग पडलेला. १९९४ साली पेणच्या सरकारी दवाखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर नाव पडलं: रेबेका, वय एकसष्ट. डॉक्टरांनी लिहिलं, हृदयाची झडप अधू. खाली रोजच्या गोळीचं नाव.

मालू सिस्टरांनी मला रेबेकाबाईंच्या हातात ठेवलं नि दम भरला, "हरवू नको गो बाय. ह्यो कागद नाय, तुझा जीव हाय."

"मग जीव पिशवीत ठेवते," बाई हसल्या.

दोन वर्षांनी त्यांचा मुलगा निसीम धाटावच्या कंपनीतली नोकरी सोडून, कोकणातल्या बऱ्याच ज्यू कुटुंबांसारखा, इस्रायलला गेला. आईला घेऊन गेला, म्हणून मीही गेलो. तिथला दवाखाना चकचकीत होता, बाईंना त्याचं कार्डही मिळालं. पण मराठी कुणालाच येत नव्हती. निसीम सोबत असला की निभायचं. एकदा गोळ्या संपल्या आणि त्याला शिफ्ट सोडता येईना. बाई एकट्याच गेल्या.

बाहेर रांग होती, डॉक्टर नवा नि घाईत होता. बाईंनी छातीवर हात ठेवला. "दम लागतो." त्याला कळेना. तो इंग्रजीत म्हणाला, "पेन?"

बाईंचा चेहरा उजळला. "व्हय, व्हय! पेण!"

त्यानं बरगडी दाबली. "पेन?"

"पेणच! माहेर रोह्याचं."

मी पिशवीत तसाच राहिलो. ज्याला आपलं गाव ठाऊक, त्याला कागद कशाला दाखवायचा? नुसत्या दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन बाई आनंदात घरी आल्या.

"निसीम, डाक्टरला आपलं पेण ठाऊक हाय रे!"

निसीम दमून आला होता. "बरं झालं," म्हणाला नि आडवा झाला. गोळ्या कुठल्या, ते त्यानं पाहिलं नाही.

रोजच्या गोळीविना नवव्या दिवशी बाई गेल्या. पिशवी आवरताना त्यानं मला उलगडलं. माझ्या माथ्यावर छापलेलं 'पेण' त्यानं एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं. मग म्हणाला, "आई, त्यानं गाव नव्हतं विचारलं गं. पेन, म्हणजे दुखतं का, असं विचारलं होतं."

पुढच्या वर्षी त्यानं मला पेणला आणून मालू सिस्टरांच्या हाती दिलं. तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे. परमुलखातला कुणी मजूर आला नि बोलणं जुळेना, की त्या माझ्यावर बोट ठेवून त्याच्या पिशवीकडे खूण करतात.

मित्रांनो, ज्याची भाषा तुम्हाला येत नाही, असा आजारी माणूस 'हो' म्हणाला, तरी एवढ्यावर थांबू नका. त्याच्या पिशवीत माझ्यासारखा कुणी असेल, त्याला बाहेर काढा. आम्हाला हाक मारता येत नाही.