शेवटच्या अक्षरावरचा जोर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. घडलो कारखान्यात, पण मला खरी वाचा मिळाली ती अमरावतीत, रागिणी मॅडमच्या फ्रेंच क्लासमध्ये. माझ्या पोटातल्या कॅसेटमधली बाई शब्द तोडून म्हणायची, "शो... को... ला." मग जरा थांबायची. तेवढ्यात मुलांनी तो म्हणायचा. शोकोला म्हणजे चॉकलेट, म्हणून तो सगळ्यांचा लाडका.

मुलं जोर वाटेल तिथे द्यायची. मॅडम टेबलावर बोट आपटून सांगायच्या, फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर, तेव्हा शेवटपर्यंत पोचा. तेल्हाऱ्याची जेबा 'आनिमाल', म्हणजे प्राणी, म्हणताना 'आ'वरच अडायची. मला पुन्हा पुन्हा मागे फिरवून तिने तो जोर 'माल'वर नेला. त्या दिवशी मॅडमनी माझ्या पाठीवर थाप दिली.

पुढे मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. आतला पट्टा सैल झाला, मध्येच रोखायचं बटण तुटलं. कुणी विचारलं नाही.

यंदा मॅडमना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. जेबा आता अकोल्याला फ्रेंच शिकवते. ती सुट्टी टाकून आली आणि धूळ पुसून तिने मला त्यांच्या पलंगाशी ठेवलं.

मी म्हणालो, "शो... को... ला." मॅडमचे ओठ हलले. 'शो' आला. 'को'साठी त्या धडपडत होत्या, तोवर मी पुढच्या शब्दावर गेलो होतो. जेबाने फीत मागे नेली. पुन्हा तेच. मला थांबायचं होतं हो, पण फीत माझं ऐकत नाही. मॅडमचे डोळे भरून आले.

"बंद कर त्याले, पोरी," त्यांचे यजमान देवानंदराव म्हणाले. "तो तिच्यासाठी थांबत नाही."

जेबाने माझी वायर काढली. मॅडमचा हात हातात घेऊन ती स्वतःच "शो" म्हणाली आणि थांबली. मग "को". बऱ्याच वेळाने 'को' आला. 'ला' मात्र दिवस मावळला तरी आला नाही.

"उद्या पुन्हा बसू, मॅडम," जेबा म्हणाली. "आपल्याले काही घाई नाही."

मित्रांनो, माझा पट्टा कुणी बदलला नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाचा शब्द ओठांत अडकला असेल, तर त्याला सोडून पुढे जाऊ नका. तो बोलेपर्यंत जवळ बसा. मला ते जमलं नाही.