गोरखचा डोळा

सौदामिनीनं तेलाचा बोळा दगडावर फिरवला आणि जुन्या शेंदराखालून आणखी एक डोळा वर आला. भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला त्याचं नवल नव्हतं. झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्याचं हे दगड झालेलं खोड. पान गळालं की असा लांबट वण राहतो. नेच्याची जात या वणांवरूनच कळणार होती. खोड मार्गासनीला कुणी, कुठून आणलं, देव जाणे. गावाला मात्र ती डोळाई. माणूस परमुलखात मेलं आणि मातीसुद्धा हाती लागली नाही, तर देवी आपल्या अंगावर त्याचा डोळा उघडते, असं गाव मानतं.

"आन ह्यो आमच्या गोरखचा," देवीची पूजा करणारा गेनबा म्हणाला. "पोरगा टेम्पोवर गेला, त्यो गेलाच. म्या रोज फाट्यावर यष्टीची वाट बगत बसायचो. ह्यो उघडला तवा उठलो. सुटलो बगा."

सौदामिनीनं भिंग लावलं. बाकीचे वण तिरक्या रांगांनी खोडाभोवती चढत गेलेले, प्रत्येकात बारीक ठिपक्यांची कमान. हा एकटाच रांग सोडून. आत एक ठिपका नाही, नुसत्या छिन्नीच्या रेघा.

"खरा हाय न्हवं, बाई? तुमी शिकलेल्या. एकडाव सांगा, म्हंजी मनात काय ऱ्हायला नगं."

खांबाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, पदर तोंडावर दाबला.

सौदामिनीनं भिंग पिशवीत टाकलं.

"खरा आहे, बाबा. बाकीच्यांसारखाच."

"बगा!" म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि तो चहाचं सांगायला घराकडं गेला.

तो लांब गेल्यावर चंद्राबाई पुढं झाली. वाटीतला शेंदूर बोटानं त्या डोळ्यावर लावू लागली.

"लई उपकार झालं, ताई. उपाशीतापाशी बसायचं म्हातारं. हातचं जाया लागलं, म्हनून म्याच कोरला."

"आणि तुम्ही?"

"त्यांचं सुटलं. मला ठावं हाय ना, देवीनं काय उघडल्याला न्हाई."

खाली फाट्यावर यष्टी थांबल्याचा आवाज आला. चंद्राबाईचं बोट दगडावरच थांबलं. दार आपटलं, यष्टी वेल्ह्याकडं निघून गेली. वाटेनं कुणी येतंय का, ते ती बघत राहिली. मग तिनं पुन्हा शेंदरात बोट बुडवलं.